लिव्हर-ॲक्शन रायफल आणि घरी ओतलेल्या गोळ्या: थर्टी-थर्टीचा ग्रुप जमत नाही, मदत हवी

तासगावकर

नमस्कार मंडळी. मी चौदा वर्षं पेन्सिल्व्हेनियात राहतोय. तीन वर्षांपूर्वी शेजारच्या एका वयस्क गृहस्थांकडून त्यांची जुनी मार्लिन ३३६ रीतसर विकत घेतली. काडतूस थर्टी-थर्टी विंचेस्टर. शिकार करत नाही, फक्त कागदावर नेम धरतो. पण ही रायफल हातात घेतली की दुसरं काही सुचत नाही.

कारखान्यातल्या तांब्याच्या आवरणाच्या गोळ्या ही रायफल उत्तम मारते. १०० यार्डांवर पाच गोळ्या दोन इंचांत (या जमावालाच ग्रुप म्हणतात). म्हणजे नळी, दस्ता, साइट, सगळं ठीक आहे. गेल्या हिवाळ्यात मी शिसं ओतून स्वतःच्या गोळ्या करायला लागलो. १७० ग्रेनचा (ग्रेन हे वजनाचं माप), चपट्या नाकाचा, बुडाला गॅस चेक म्हणजे धातूची छोटी टोपी बसणारा साचा आहे. बंद पडलेल्या एका छापखान्यातून लायनोटाइपचा धातू मिळाला होता, तोच वापरला. ओतलेल्या गोळ्या आरशासारख्या दिसतात. पण निशाणावर जेवणाच्या ताटाएवढा पसारा होतो, आणि वीसेक गोळ्या झाल्या की नळीत चंदेरी पट्टे दिसतात.

चार प्रकारची बंदुकीची दारू वापरून पाहिली. प्रत्येकीचं माप मॅन्युअलमधल्या खालच्या आकड्यापासून वर नेलं. सगळं वहीत लिहिलंय. काहीच फरक पडला नाही. या रायफलीला ओतीव गोळीचा अचूक लोड कोणाकडे आहे का? दारूचं नाव आणि ग्रेन सांगितले तरी चालेल.

शिरोलीकर

तासगावकर, लोड नंतर बघू. आधी तीन मापं सांग. नळीच्या खाचांचा व्यास किती? साच्यातून पडलेली गोळी किती? आणि पुंगळीत (काडतुसाच्या पितळी कवचात) बसवून परत बाहेर काढलेली गोळी किती?

मी शिरोली एमआयडीसीत बावीस वर्षं फाउंड्रीत काढली, आता विस्कॉन्सिनमध्ये आहे. कोल्हापुरात आम्ही पंपाचं कास्टिंग करताना कुणी 'लोखंड कुठलं वापरलं' असं विचारलं तर मुकादम आधी कॅलिपर हातात द्यायचा. इथंही तसंच कर. चार दारू बदलल्या आणि काहीच हललं नाही, याचा अर्थ घोळ दारूत नाही.

आणि एक विनंती. ग्रेनचे आकडे इथं कुणी टाकू नका. टाइप करताना एक अंक इकडचा तिकडे झाला तर कुणाच्या तरी तोंडासमोर रायफल फुटेल. थर्टी-थर्टीची मानक दाबमर्यादा ४२,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) आहे, आजकालच्या बोल्ट रायफलींपेक्षा बरीच कमी. आकडा ज्याने त्याने दारू बनवणाऱ्या कंपनीच्या चालू मॅन्युअलमधून घ्यावा.

तासगावकर

काका, नळी मोजलेली नाही. कारखान्याचं माप .३०८ असतं म्हणून गोळी .३०९ च्या सायझिंग डायमधून (गोळी ठरावीक मापाला आवळणाऱ्या साधनातून) काढली. परत बाहेर काढून मोजायची हे तर डोक्यातच आलं नव्हतं.

शिरोलीकर

मग मोज. मार्लिनवाल्यांसाठी हे सोपं आहे. मॅगझिन आणि चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) रिकामं आहे याची दोनदा खात्री कर. लिव्हरचा एक स्क्रू काढला की लिव्हर निघते, बोल्ट मागून सरकून बाहेर येतो, आणि नळी मागून मोकळी होते. विंचेस्टर ९४ चं असं नाही, तिथे सहसा तोंडाकडूनच काम करावं लागतं.

मासेमारीला वापरतात तो मऊ शिशाचा मणी घे, नळीपेक्षा किंचित जाड. नळीला तेलाचा हात दे, मणी ठेव आणि पितळी सळईने ठोकत पुढे ने. लाकडी काठी नको, ती तिरकी चिरते आणि आतच पाचरीसारखी अडकते. बाहेर आलेल्या मण्यावर खाचांचे ठसे असतील. तुझ्या नळीत मायक्रो-ग्रूव्ह असणार, म्हणजे बारा उथळ खाचा. बारा ही सम संख्या, त्यामुळे समोरासमोरच्या खाचांवर मायक्रोमीटर सरळ बसतो. कॅलिपर नको, मायक्रोमीटरच घे. आपल्याला अर्ध्या थाउचा फरक बघायचा आहे. (नवीन वाचकांसाठी: थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. उद्यमनगरातल्या कुठल्याही लेथवाल्याला विचारा.)

बालेवाडी_लेन_७

मी पुण्यात एअर रायफल शिकवते. तुमच्या क्षेत्रातलं मला फार कळत नाही, पण हा प्रश्न ओळखीचा वाटला. आमच्याकडे ४.५ मिलिमीटरच्या पेलेटमध्येसुद्धा डोक्याचं माप ४.४९, ४.५०, ४.५१ असं वेगवेगळं मिळतं. एकाच कंपनीचं, एकाच नावाचं पेलेट एका मुलीच्या रायफलीत उत्तम जातं आणि शेजारच्या लेनवर दहाच्या बाहेर फेकतं. पॉइंट टू-टूवाले तर रायफल शिकंजात बांधून काडतुसांचे लॉट तपासतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ घेतलं. त्या पातळीला लॉटची निवड हा सरावाचाच भाग असतो. मुलांना मी नेहमी सांगते, आधी तुझ्या नळीला काय आवडतं ते शोध, मग स्वतःच्या हाताला दोष दे.

ब्राझोस_काठ

ताईंशी सहमत. तासगावकर, पावडर कोटिंग करून बघा. मी टेक्सासमध्ये दहा वर्षं तेच करतोय. पॉलिएस्टर पावडर, प्लॅस्टिकचा डबा, त्यात एअरसॉफ्टचे छर्रे, दोन मिनिटं हलवायचं, मग २०० अंश सेल्सियसला वीस मिनिटं भाजायचं. गोळीला रंगाचं कवच येतं, ल्युबची (गोळीला लावायच्या वंगणाची) कटकट संपते, नळी स्वच्छ राहते. ओव्हन मात्र त्यासाठी वेगळा ठेवा. ज्यात शिसं गेलं त्यात पुन्हा नानकटाई भाजायची नाही.

शिरोलीकर

कोटिंग चांगलंच आहे, मीही करतो. पण आत्ता नको. आत्ता कोटिंग केलं तर गोळी थाउ-दोन थाउ जाड होईल, ग्रुप कदाचित सुधारेल, आणि का सुधारला ते या पोराला कधीच कळणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

मेंढा२००

धागा वाचतोय. मी लिव्हर-ॲक्शन सिल्हूट खेळतो. लोखंडी कोंबडी ५० मीटरवर, डुक्कर १०० वर, टर्की १५० वर आणि मेंढा २०० वर. मेंढा नुसता लागून चालत नाही, आडवा पडावा लागतो. म्हणून वजनदार ओतीव गोळी आम्हाला आवडते.

एक प्रश्न तासगावकरांना: नळीतले शिशाचे पट्टे चेंबरच्या बाजूला जास्त आहेत की तोंडाच्या बाजूला? चेंबरजवळ असतील तर गोळी बारीक असण्याची शक्यता जास्त. मागचा वायू गोळीच्या कडेने निसटतो, शिसं वितळवत पुढे जातो आणि ते नळीला चिकटतं. फक्त तोंडाजवळ असतील तर बहुधा ल्युब वाटेत संपलं. आणि ओतीव गोळी मारण्याआधी नळीतलं तांबं पूर्ण काढलं होतं ना? आवरणाच्या गोळ्यांचं तांबं राहिलं असेल तर त्यावर शिसं फार पटकन बसतं.

तासगावकर

मेंढा२००, पट्टे चेंबरपासून पहिल्या सात-आठ इंचांत. तांबं काढलं नव्हतं. पहिल्या दिवशी अर्धा डबा कारखान्याच्या गोळ्या मारून लगेच ओतीव सुरू केल्या होत्या.

आज सकाळी गॅरेजमध्ये दोन तास बसून सगळं मोजलं. नळीच्या खाचा .३०८५. साच्यातून पडलेली गोळी .३११. डायमधून काढल्यावर .३०९. मग काकांच्या सांगण्यानुसार प्रायमर (दारू पेटवणारी बुडाची टोपी) आणि दारू न घालता पाच पुंगळ्यांत गोळ्या बसवल्या आणि हातोडीच्या पुलरने बाहेर काढल्या. मागच्या भागात पाचही गोळ्या .३०७५ भरल्या! म्हणजे नळीपेक्षा एक थाउ बारीक. मी पूर्ण हिवाळा नळीला न भरणाऱ्या गोळ्या मारत होतो. आकडा बघून मी मायक्रोमीटर पुसून पुन्हा मोजलं.

शिरोलीकर

सापडलं बघ.

तुझ्या डाय सेटमधला एक्सपांडर आवरणाच्या गोळीसाठी केलेला असणार. तो पुंगळीची मान घट्ट ठेवतो, कारण तांब्याची गोळी दबत नाही. शिशाची दबते. पितळी मान तुझ्या गोळीला सायझिंग डायसारखी आवळते. त्यात गोळी आत जाताना मानेच्या कडेने खरवडली जात असेल तर बघ, बसवताना शिशाची बारीक कडी निघते का?

दोन कामं कर. ओतीव गोळीसाठीचा पायरीचा एक्सपांडर घे. त्याला लायमनचा एम-डाय म्हणतात, इतर कंपन्यांचेही मिळतात. तो मान आतून थोडी मोठी करतो आणि तोंडाशी बारीक पायरी करतो, गोळी हाताने त्या पायरीवर सरळ उभी राहते. दुसरं, गोळी .३०९ ऐवजी .३१० ला सायझ कर. खाचांपेक्षा एक ते दोन थाउ जास्त हवी.

आता सावधगिरी. जाड गोळी बसवली की पुंगळीची मान बाहेरूनही फुगते. चेंबरमध्ये मानेला सुटण्यासाठी जागा राहिली नाही तर दाब भलताच चढतो. याची सोपी परीक्षा आहे: तुझ्याच रायफलीत मारलेली, सायझ न केलेली रिकामी पुंगळी घे. तिच्या तोंडात नवी गोळी बोटाने सहज सरकली पाहिजे. अडली तर ती गोळी त्या रायफलीसाठी जाड आहे, वापरायची नाही.

लायनोटाइपबद्दल: ८४ टक्के शिसं, १२ टक्के अँटिमनी, ४ टक्के कथील. ब्रिनेल कठीणता २२ च्या आसपास. 'कठीण तेवढं चांगलं' ही समजूत आम्हालाही होती. कठीण गोळी नळीला बारीक असली तर ती दाबाखाली फुगून खाचा भरतही नाही, तशीच धडपडत जाते. तू निम्मं लायनोटाइप आणि निम्मं शुद्ध शिसं मिसळ. ९२ टक्के शिसं, ६ अँटिमनी, २ कथील होईल, कठीणता १४-१५ च्या आसपास. तुझ्या वेगाला भरपूर झालं, आणि तो मौल्यवान धातू दुप्पट दिवस पुरेल.

तासगावकर

काका, शिशाची कडी निघत होती. मी ती पुसून टाकायचो आणि पुढे जायचो.

लायनोटाइपचं एक सांगतो. माझे वडील तासगावात एका छापखान्यात खिळे जुळवायचे. लायनोटाइप यंत्र तिथे कधीच नव्हतं, हाताने जुळवणी, लग्नपत्रिका आणि ऊस कारखान्याची पत्रकं. जोडाक्षरांसाठी वेगळे खिळे, वेलांट्यांचे वेगळे, केस म्हणजे भिंतभर खण. झिजलेले खिळे वजनावर परत जायचे. म्हणून इथल्या छापखान्यात त्या धातूच्या लगडी पाहिल्या तेव्हा मी किंमत न विचारता उचलल्या होत्या. ते सगळं एका हिवाळ्यात उधळलं नाही याचं आता बरं वाटतंय.

बालेवाडी_लेन_७

तासगावकर, वडिलांबद्दल वाचून फार छान वाटलं. माझे आजोबा निर्णयसागर छापखान्याच्या टायपाची वळणं कौतुकाने दाखवायचे. तो धातू जपून वापरा.

मृगशीर्ष

मी साताऱ्याचा, वाचक आहे. घरी आजोबांच्या वेळची परवान्याची रायफल आहे. हे सगळं भारतात करता येईल का?

शिरोलीकर

मृगशीर्ष, हात लावू नका. शस्त्र अधिनियम १९५९ खाली दारूगोळा तयार करायला स्वतंत्र परवाना लागतो, रायफलीच्या परवान्यात तो येत नाही. तुमच्या परवान्यावर जी काडतुसं मिळतात तीच वापरा. इथली चर्चा अमेरिकेतल्या, जिथे हे कायदेशीर आहे त्या लोकांची आहे.

ब्राझोस_काठ

तासगावकर, नवीन गोळ्या ओताल तेव्हा शुद्ध शिसं कुठून घेताय? भंगारातल्या टायरच्या चाकाच्या वजनांपासून सांभाळा. आता त्यात जस्ताची वजनं बरीच असतात. शिसं ३२७ अंश सेल्सियसला वितळतं, जस्त ४२० च्या आसपास. पॉटचं तापमान आटोक्यात ठेवलं तर जस्ताचे तुकडे वर तरंगतात, चिमट्याने काढता येतात. एकदा का ते शिशात विरघळलं की धातू ओटमीलसारखा दाट होतो आणि साचा भरतच नाही. माझा एक पूर्ण पॉट असा वाया गेला.

शिरोलीकर

बरोबर. त्याला जोडून ओतकामाचं थोडं.

वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब गेला तर क्षणात वाफ होते आणि अख्खा पॉट तोंडावर उडतो. ओलं भंगार थेट पॉटमध्ये टाकायचं नाही, पावसाच्या दिवशी उघड्यावर ओतायचं नाही, थंड पळी गरम धातूत बुडवायची नाही. आमच्या फाउंड्रीत एकदा दमट पळीने धातू उडाला, चष्म्यामुळे एका पोराचे डोळे वाचले म्हणून आज तो काम करतोय. चष्मा, कातडी हातमोजे, पूर्ण बाह्या, बूट, आणि खेळती हवा. गॅरेजचं दार उघडं.

मळी काढायला लाकडाचा भुसा किंवा मेणाचा तुकडा टाक आणि ढवळ. कथील परत धातूत मिसळतं, वर फक्त राख राहते. ती राखही शिशाचीच असते, झाडूने उडवायची नाही.

गोळीवर सुरकुत्या दिसल्या तर साचा थंड आहे. साचा आधी हॉटप्लेटवर गरम कर. गोळी दह्यासारखी पांढुरकी दिसली तर धातू किंवा साचा जास्त तापलाय, पण मापात असेल तर तशी गोळीही नीट जाते. आरशासारखी दिसण्याच्या नादी लागू नकोस. बूड मात्र डोळ्यात तेल घालून तपास. बुडाची कड एका बाजूला जरी गोल राहिली, तरी नळीच्या तोंडातून सुटताना वायू त्या बाजूने आधी निसटतो आणि गोळी तिरपी होते. नाकावरचा डाग चालेल, बुडावरचा नाही.

मेंढा२००

लिव्हर-ॲक्शनवाल्यांसाठी आणखी दोन-तीन गोष्टी, या रायफलीत बोल्टपेक्षा वेगळ्या पडतात.

मॅगझिन नळीचं आहे, काडतुसं एकामागे एक. मागच्याचं नाक पुढच्याच्या प्रायमरवर. म्हणून नाक चपटंच हवं, टोकदार गोळी नळीच्या मॅगझिनमध्ये घालायची नाही. आणि क्रिम्प हवाच. स्प्रिंगचा दाब आणि धक्क्याने गोळी पुंगळीत आत ढकलली जाते. गोळीवरच्या क्रिम्पच्या खाचेतच मानेची कड वळवा. त्यासाठी सगळ्या पुंगळ्या एका लांबीला कापलेल्या हव्यात, नाहीतर प्रत्येक क्रिम्प वेगळा.

थर्टी-थर्टीची लांब मान ही ओतीव गोळीवाल्यांना मिळालेली देणगी आहे. ल्युबच्या खाचा आणि गॅस चेक मानेच्या आत राहतात. १८९५ साली धूरविरहित दारूसाठी हे काडतूस विंचेस्टर ९४ मध्ये आलं, तरी शिशाच्या गोळीशी ते आजही उत्तम जमवून घेतं.

रायफल सँडबॅगवर ठेवताना बॅग नेहमी फोरएंडच्या (नळीखालच्या पुढच्या पकडीच्या) एकाच जागी, नळीखाली कधीच नाही. नळी, मॅगझिनची नळी, बँड, फोरएंड हे सगळं एकमेकांना बांधलेलं आहे. तापलं की एकमेकांना ढकलतात आणि ग्रुप वर-खाली लांबट होतो. प्रत्येक गोळीनंतर मिनिटभर थांबा.

आणि तीन गोळ्यांचा ग्रुप बघून लोड निवडू नका. मी दोन वर्षं तेच केलं. तीन गोळ्या योगायोगाने एकत्र पडतात, पुढच्या रविवारी तोच लोड फाकतो. दहा मारा.

तासगावकर

दारूबद्दल एक विचारायचं होतं. हलक्या लोडसाठी जलद जळणारी पिस्तूलची दारू वापरावी का? स्वस्त पडते.

शिरोलीकर

मॅन्युअलमध्ये त्या काडतुसाला, त्या वजनाच्या गोळीला दिली असेल तरच. तिथे धोका वेगळा आहे. माप इतकं छोटं असतं की पुंगळीचा तळ जेमतेम झाकतो, त्यामुळे चुकून दुसऱ्यांदा घातली तरी वरून दिसत नाही. गोळी बसवण्याआधी सगळ्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करून टॉर्चने प्रत्येकीत डोकावायचं. मी आजही करतो, एकही सोडत नाही.

तुझ्यासारख्या नवख्याला मी पुंगळीची बरीच जागा भरणारी रायफलची दारू सुचवेन. हॉजडन या दारूच्या कंपनीने आपल्या एच४८९५ दारूसाठी मॅन्युअलमधल्या कमाल मापाच्या ६० टक्क्यांपर्यंत खाली यायला स्वतःच परवानगी दिली आहे. हा नियम त्या दारूपुरताच. दुसऱ्या मंद दारूला तसं खाली नेऊ नकोस, तेही धोक्याचं असतं. गॅस चेकवाल्या ओतीव गोळीला सेकंदाला १६०० ते १९०० फुटांच्या दरम्यान शोध, त्याच पट्ट्यात तुझी रायफल बोलेल असं मला वाटतं.

तासगावकर

मंडळी, पाच आठवड्यांनी आलोय.

नळीतलं तांबं काढायला तीन संध्याकाळी गेल्या. शिसं काढायला जुन्या ब्रशवर शुद्ध तांब्याची घासणी गुंडाळली, ते सर्वांत लवकर झालं. निम्मं-निम्मं मिश्रण केलं, २०० गोळ्या ओतल्या, बूड बघून ४१ परत पॉटमध्ये टाकल्या. दोन आठवडे तशाच ठेवल्या, कारण अँटिमनीचं मिश्रण ओतल्यावर काही दिवस कठीण होत राहतं असं वाचलं होतं. .३१० ला सायझ केल्या. मारलेल्या पुंगळीत सहज सरकतात. नवा एक्सपांडर वापरून बसवून परत काढली, मागचा भाग .३१०, जसाच्या तसा. ल्युब मेण आणि ॲलॉक्स या वंगणाचं निम्मं-निम्मं.

दारू मुद्दाम तीच ठेवली जी हिवाळ्यात सगळ्यांत वाईट गेली होती. माप मॅन्युअलच्या मधोमध.

१०० यार्ड, पीप साइट, दहा गोळ्या: एक इंच आणि सात अष्टमांश. पुन्हा दहा: दोन इंच आणि एक अष्टमांश. तिसऱ्या दहांत एक गोळी मी स्वतः ओढली, तीही धरून मोजलं, अडीच इंच. तीस गोळ्यांनंतर नळीत एक कोरडा पॅच फिरवला, राखाडी निघाला, चंदेरी एकही कण नाही.

मी तो पहिला कागद गॅरेजच्या दारावर लावलाय. कारखान्याच्या काडतुसाच्या बरोबरीने मारते आहे, माझ्या हातच्या गोळीने.

शिरोलीकर

वा रे वाघा! हेच हवं होतं. वाईट दारू मुद्दाम ठेवलीस हे सगळ्यांत आवडलं, कारण आता शंकेला जागा नाही. पुढच्या वेळी फक्त माप अर्ध्या-अर्ध्या ग्रेनने हलव, दुसरं काही नाही. कमाल आकड्याच्या वर जायचं नाही.

मेंढा२००

अभिनंदन! एवढा ग्रुप असेल तर २०० मीटरचा मेंढा तुमच्या आवाक्यात आहे.

बालेवाडी_लेन_७

खूप आनंद झाला. तुमचा कागद माझ्या विद्यार्थ्यांना दाखवू का? वहीत मापं कशी लिहायची हे त्यांना सांगून समजत नाही.

तासगावकर

ताई, जरूर दाखवा. वहीची पानंही पाठवतो.

काका, एक शेवटचं. घरात सहा वर्षांची मुलगी आहे. मी हात धुतो, कपडे बदलतो. आणखी काय करू?

शिरोलीकर

बाळा, हे आधी सांगायला हवं होतं मी. कपडे वेगळे धुवायचे, बूट गॅरेजमधून घरात आणायचे नाहीत. गॅरेजमध्ये चहाचा कपही नको. जमीन कोरडी झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. ओतताना आणि नंतर दिवसभर ती तिथे येता कामा नये. रेंजवरून आल्यावर तिला उचलून घेण्याआधी तोंड-हात धू, केसांवरून पाणी घे.

आणि डॉक्टरांना सांगून तुम्हा दोघांची रक्तातल्या शिशाची तपासणी करून घे. लहान मुलांसाठी अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२१ पासून डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम हा संदर्भ आकडा धरलाय, त्याच्या वर दिसलं तर भट्टी बंद ठेवायची. माझी तपासणी दरवर्षी मार्चमध्ये असते. तुझी आणि तिची याच आठवड्यात करून घे आणि इथे कळव.